शेकोटी, राब आणि वणवा : पाड्यावर येण्याआधी

थंडी सुरू झाली की आपल्या मंडळ्यांतील तरुण संघांचे फोन येऊ लागतात. कोणाला जानेवारीच्या शेवटी यायचे असते, कोणाला परीक्षा आटोपल्यावर एप्रिल-मेमध्ये. दोन-तीन दिवस पाड्यावर राहायचे, मुलांबरोबर खेळायचे, बंधाऱ्याच्या कामाला हात लावायचा, असा बेत असतो. त्याचे आम्हांला नेहमीच अप्रूप वाटते. जेवणाचे, झोपण्याचे, पाण्याचे बोलणे झाले की शेवटी हमखास एक प्रश्न येतो : “रात्री शेकोटी करता येईल ना?”

प्रश्न साधा आहे, पण त्याचे सरळ हो किंवा नाही असे उत्तर देता येत नाही. कोणती जमीन, कोणता महिना, आणि कोणाला विचारले, यावर ते ठरते. शिवाय चूक झाली तर पाहुणे दुसऱ्या दिवशी एसटीने घरी जातात आणि तिची किंमत पाडा मोजतो. म्हणून या अंकात हा विषय थोडा सविस्तर मांडत आहे.

सुरुवात जमिनीपासून करू. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, शहापूर, मुरबाड या भागात एखादा पाडा पाहिला तर घरे, खळी आणि भातखाचरे एवढीच जागा मोकळी दिसते. त्याच्या भोवतीने जे सुरू होते ते बहुधा जंगल. त्यातले काही राखीव वन, काही संरक्षित वन. तानसासारख्या ठिकाणी अभयारण्य. शहरातल्या माणसाला या हद्दी दिसत नाहीत, कारण कुंपण नसते. कुठे दगडाचा बुरूज, कुठे झाडावर रंगाचा पट्टा, एवढीच खूण. त्यात आणखी एक गोम आहे. १९७५ च्या कायद्याने महाराष्ट्रातली बरीच खाजगी वने सरकारजमा झाली. त्यामुळे “ही आमच्या ओळखीच्यांची मालकीची टेकडी आहे” असे कोणी सांगितले, तरी कागदावर ती वनजमीन असू शकते. वनरक्षकाला विचारल्याशिवाय ते कळत नाही.

राखीव वनात आगीचा नियम कडक आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे कलम २६ पाहा. जंगलाला आग लावणे हा गुन्हा आहे, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याच कलमात असेही आहे की जंगलाला धोका होईल अशा रीतीने आग पेटवणे किंवा जळती सोडून जाणे हाही गुन्हा आहे. आणि वनअधिकाऱ्याने मोकळीक दिलेला हंगाम सोडून एरवी राखीव वनात आग पेटवणे, राखणे किंवा नुसती घेऊन जाणे, हेसुद्धा गुन्ह्यातच मोडते. घेऊन जाणे म्हणजे मशाल आली, पेटती विडीही आली. शिक्षा दंडाची आहे, तशीच तुरुंगवासाचीही. संरक्षित वनासाठी कलम ३३ आहे. अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे कलम ३० लागू होते. अभयारण्याला धोका होईल अशी आग लावणे, पेटवणे किंवा जळती ठेवणे त्याने मना आहे.

मालकीच्या जागेत, म्हणजे वसतिगृहाच्या पटांगणात किंवा कोणाच्या खळ्यावर, शेकोटीला अशी सरसकट बंदी नाही. पण आगीबाबत निष्काळजीपणा करून दुसऱ्याच्या जिवाला धोका निर्माण केला तर भारतीय न्याय संहितेचे कलम २८७ आहे. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. जमीन स्वतःची होती, हा त्यावर बचाव नाही.

आता ज्या तरतुदीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे वळतो. कलम २६ चे तिसरे पोटकलम सांगते की राखीव वनात कोणी जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली, तर गुन्हेगाराला शिक्षा झाली असली तरी त्याशिवाय सरकार त्या वनातले चराईचे आणि वनोपजाचे सगळे हक्क काही काळ स्थगित करू शकते. हे नीट वाचा. हक्क आग लावणाऱ्याचे नव्हे, त्या जंगलातले सर्वांचे. २००६ चा वनहक्क कायदा आल्यानंतर हे कलम पूर्वीसारखे वापरता येईल का, यावर वकील मंडळी वाद घालू शकतील, आणि माझ्या मते घालायलाही हवा. पण कलम पुस्तकात आहे. ज्या पाड्याची गुरे त्याच जंगलात चरतात, जिथल्या बायका त्याच जंगलातून मोह, करवंदे, शेवळे आणि सरपण आणतात, त्या पाड्याला कोर्टकचेरीचा मार्ग फार लांबचा असतो.

त्याच कायद्याचे कलम ७९ ही पाठीराख्यांना बहुधा माहीत नसते. जंगलात ज्याला काही हक्क किंवा परवानगी आहे, त्याने वणव्याची खबर वनअधिकाऱ्याला विनाविलंब द्यायची, आणि कोणी सांगो वा न सांगो, वणवा विझवायला धावायचे, असे ते बंधन आहे. म्हणजे पाहुण्यांच्या शेकोटीतून ठिणगी उडाली तर रात्री अकरा वाजता ओल्या डहाळ्या घेऊन डोंगर चढायची कायदेशीर जबाबदारी पाड्यातल्या माणसांची. ती माणसे जातातही. दिवसभर वीटभट्टीवर राबून आलेली असली तरी जातात.

आग कोणी लावली, हे बहुतेक वेळा कळतच नाही. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांच्या मदतीने आगीच्या सूचना पाठवते. एका यंत्राचा ठिपका सुमारे एक किलोमीटरचा, दुसऱ्याचा ३७५ मीटरचा. तो ठिपका वनरक्षकाच्या मोबाईलवर येतो. पण उपग्रहाला उष्णता दिसते, माणूस दिसत नाही. वनरक्षक पोहोचतो तेव्हा समोर काळा पडलेला उतार असतो आणि सर्वांत जवळ असतो तो पाडा. चौकशी तिथूनच सुरू होते, आणि खूपदा तिथेच संपते. सहलीला आलेल्यांची गाडी तोवर घाटाखाली गेलेली असते. “आदिवासीच जंगल जाळतात” हे वाक्य आपल्या मंडळीतल्या सुशिक्षित लोकांच्या तोंडूनही मी ऐकले आहे. म्हणून आदिवासी आग का लावतो, कुठे लावतो आणि कुठे लावत नाही, हेही सांगायला हवे.

राब म्हणजे वणवा नव्हे. भात, नागली आणि वरईची रोपे ज्या तुकड्यात करायची, तो तुकडा पावसाआधी भाजून घेतात. आधी शेणाचा थर, त्यावर कवळ, म्हणजे झाडाच्या तोडलेल्या बारीक फांद्या, मग पालापाचोळा, गवत, आणि सर्वांत वर मातीचा पातळ थर. माती यासाठी की आग भडकू नये, धुमसत राहावी. पेटवतानाही वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवतात, म्हणजे आग वाऱ्याला तोंड देत सावकाश सरकते. तणाचे बी मरते, राखेचे खत मिळते, आणि पाऊस पडल्यावर रोप तरारून येते. हे सगळे एवढ्याशा जागेत. ज्याने राब नीट भाजलेला पाहिला आहे, तो त्याला बेजबाबदार आग म्हणणार नाही. इंग्रजांच्या वनखात्याने कवळ तोडण्यावर निर्बंध आणले, तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतका असंतोष झाला की सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. राबाचा प्रश्न त्या आयोगापुढचा एक मोठा प्रश्न होता. तेव्हा हा तंटा आजचा नाही.

तरीही राबाची बाजू घेताना डोळे मिटून चालणार नाही. दर वर्षी कवळ तोडल्याने ऐन, किंजळ ही झाडे खांबासारखी उभी राहतात, हे रस्त्याने जाताना कोणालाही दिसते. शेण शेतात जाण्याऐवजी जळते. आणि रानाच्या कडेचा राब दुपारच्या वाऱ्यात पेटवला तर तो बांध ओलांडतो. पर्याय आहेत. गादीवाफ्यावर, शेणखत घालून, न भाजता रोपे करता येतात. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी रूढ केलेल्या सगुणा भात तंत्रात तर रोपवाटिका आणि लावणी दोन्ही टळतात, भात थेट गादीवाफ्यावर टोकतात. त्यात तणनाशकाचा आधार घ्यावा लागतो, हे मला खटकते, आणि पाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांनाही खटकते. एका आजीने मला विचारले होते, “आग नको म्हणता, मग हे औषध कुठं जातं पाण्यातून?” तिला देण्याजोगे सोपे उत्तर माझ्यापाशी नव्हते. ज्यांना राब भाजायचाच आहे त्यांना आम्ही एवढेच सांगतो : भोवतीचा पाचोळा हातभर नव्हे, चांगला दोन-तीन पावले रुंद झाडून काढा, वनरक्षकाला आदल्या दिवशी सांगा, दुपारी वारा सुटलेला असताना पेटवू नका, आणि पूर्ण विझेपर्यंत घरी जाऊ नका. जुनी माणसे हे सांगण्याआधीच करतात. नव्या पिढीतली मुले मजुरीला बाहेर असतात, दोन दिवसांसाठी येऊन घाईने राब उरकतात, आणि तिथे गडबड होते.

मोहाची गोष्ट वेगळी आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पहाटे गळतात. झाडाखाली पाचोळ्याचा थर असला तर फूल सापडत नाही, म्हणून आधी पाचोळा पेटवून जागा स्वच्छ करतात. झाड बहुधा उतारावर असते, ऋतू सर्वांत कोरडा असतो, आणि पेटवणारा माणूस फुले वेचायला पुढच्या झाडाकडे गेलेला असतो. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाचा आगीचा हंगाम. मोह, तेंदूपाने, राब, सगळे नेमके याच चार महिन्यांत येते. तेंदूच्या नव्या पानांसाठी आणि गवताच्या कोवळ्या फुटव्यासाठीही काही ठिकाणी आग लावतात. ती मात्र चूकच आहे, आणि पाड्यातले जाणते लोक तसे उघड म्हणतात. आग जमिनीलगत पळते. मोठे झाड वाचते, पण खालची रोपे, जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, आणि माती धरून ठेवणारा पाचोळा जातो. मग जूनचा पहिला जोरदार पाऊस उघड्या उतारावर पडतो आणि माती ओहोळाने खाली येते. लागवड केलेल्या आंबा-काजूच्या वाडीत अशी आग शिरली तर पाच वर्षे हंड्याने पाणी घालून जगवलेली कलमे एका दुपारी जातात.

मोहासाठी उपाय सोपा आहे. झाडाखाली हिरवी जाळी बांधायची, किंवा पाचोळा जाळण्याऐवजी झाडून बाजूला करायचा. जाळीवर पडलेल्या फुलाला माती-राख लागत नाही, ते स्वच्छ वाळते आणि त्याला भाव बरा मिळतो. ज्या महिला संघांनी “आम्ही पाड्यासाठी काय पाठवू?” असे विचारले आहे, त्यांना माझे उत्तर आहे : जुने कपडे पुरेत, जाळ्या पाठवा.

आग थांबवण्याची ताकद ग्रामसभेत किती आहे, हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने दाखवले आहे. २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर त्या गावाने तेंदूपानांचा व्यापारच सोडला. पानांसाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लागतात, टेंभराची फळे पक्ष्यांना आणि माणसांना मिळत नाहीत, हा त्यांचा हिशेब. हातात येणारा रोख पैसा सोडून त्यांनी हे ठरवले आणि उत्पन्नासाठी बांबूवर भर दिला. वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने ग्रामसभेला असा अधिकार दिला आहे. आपल्या सामूहिक वनात कोणी यावे, काय करावे आणि काय करू नये, हे ती ठरवू शकते. पाहुण्यांनी याचा अर्थ लक्षात घ्यावा. सामूहिक वनहक्काच्या जंगलात तुम्हांला वनरक्षकाने हो म्हणणे पुरेसे नाही, ग्रामसभेलाही विचारायचे आहे. आमच्या अनुभवात ग्रामसभेचे उत्तर बहुधा जास्त नेमके असते : इथे नको, खालच्या खळ्यावर करा, आणि आमची दोन पोरे बरोबर घ्या.

बायबल अभ्यासाच्या वेळी तरुणांना मी निर्गमचा २२ वा अध्याय काढायला सांगतो. त्यात आगीविषयी एक छोटा नियम आहे. काटेरी झुडपांना लागलेली आग पसरून दुसऱ्याचे कापलेले धान्य, उभे पीक किंवा शेत जळाले, तर जिने सुरुवात केली त्या माणसाने भरपाई द्यायची. आग मुद्दाम लावली का, हा प्रश्न तिथे विचारलेला नाही. मुलांना हे अन्यायाचे वाटते. मग आम्ही त्यांना ज्याचे धान्य जळाले त्याच्या जागी बसवतो, आणि चर्चा चांगली रंगते.

आता तरुण संघांसाठी थेट सांगतो. नोव्हेंबर ते जानेवारीत, वसतिगृहाच्या पटांगणात किंवा नांगरलेल्या मोकळ्या शेतात, पाड्याच्या परवानगीने शेकोटी करता येईल. १५ फेब्रुवारीनंतर आमच्या शिबिरात शेकोटी नाही, कुठल्याही जमिनीवर नाही. हा सरकारचा नियम नव्हे, आमचा आहे, आणि त्यावर घासाघीस होणार नाही. कंदिलाभोवती बसूनही गाणी म्हणता येतात. शेकोटीचा खड्डा ढोपरभर खोल, भोवती चारही बाजूंनी दहा पावले गवत-पाचोळा साफ, वर फांदी नको. लाकूड वखारीतून आणा, रानातून मोडू नका, आणि पाड्यातल्या मुलांना “जरा लाकडे आणा रे” असे पाठवू नका, कारण पकडले गेले तर ते जातील. पाण्याचे दोन हंडे आणि मातीचा ढीग आधी तयार ठेवायचा. मात्र ते पाणी पाड्याच्या विहिरीचे असते आणि मार्चनंतर ती विहीर बहुधा तळाला लागते. आमच्या नियमामागे हेही एक कारण आहे. विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, राखेत हात घालता येईपर्यंत. नुसती माती टाकून झाकलेला विस्तव आतून जिवंत राहतो आणि पहाटेच्या वाऱ्यावर उघडा पडतो.

पुनरुत्थानाच्या पहाटेची उपासना टेकडीवर करायची अनेक मंडळ्यांची रीत आहे. ईस्टर मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये, म्हणजे ऐन आगीच्या हंगामात येतो. टेकडी वनजमीन असेल तर मशाली नेऊ नका. मेणबत्त्याही नकोत, विजेऱ्या घ्या. नाताळात उडते कंदील सोडण्याची हौस अलीकडे वाढली आहे. मुंबई पोलिसांनी त्यांवर वेळोवेळी बंदीचे आदेश काढले आहेत. गावाकडे आदेश नसला तरी पेटता कागद वारा नेईल तिथे पडतो, आणि आमच्याकडे तो गवतावरच पडणार.

शहरातल्या आवारांबद्दलही थोडे. मंडळीच्या आवारात झाडलोट करून पालापाचोळा, प्लास्टिकचे पेले आणि कार्यक्रमाच्या थाळ्या कोपऱ्यात पेटवून देणे अजून चालते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २२ डिसेंबर २०१६ रोजी उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली. साध्या जाळण्याला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला पंचवीस हजार रुपये भरपाई ठरवली. पाचोळ्याचा खड्डा करा, वर्षभरात खत होते.

वणवा दिसला तर काय करायचे, हे प्रत्येक शिबिरार्थीला पाठ असावे. महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा क्रमांक मोबाईलमध्ये ठेवा. १०१ वर अग्निशमन दल मिळते, पण डोंगरावर बंब चढत नाही. फोनवर गाव, पाडा, जवळची खूण, आग उताराच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या, आणि वारा कुठून कुठे आहे, एवढे सांगा. कोणी लावली, याचा अंदाज सांगू नका. स्वतः विझवायला डोंगरावर धावू नका. आग उतारावर वर चढताना माणसापेक्षा वेगाने पळते, आणि पाड्यातल्या लोकांना जी पायवाट पाठ असते ती तुम्हांला नसते. त्यांना पाणी नेऊन द्या, म्हातारी माणसे आणि मुले मोकळ्या खाचरात आणून बसवा, गुरांची दावी सोडा.